हलत्या कुंकवाची पत्रिका

ठाकुर्लीच्या हरिहर टिपणिसाचं जगाशी एकच भांडण होतं. जग म्हणायचं, हलव. हरिहर म्हणायचा, का?

तसा माणूस भांडखोर नव्हे. रिक्षावाल्याशी नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीशी नाही, पाण्याच्या वेळेवरूनसुद्धा नाही. पण चित्राचा विषय निघाला की त्याच्या कपाळाची शीर उभी राहायची. चित्र हे भिंतीसारखं एका जागी राहिलं पाहिजे आणि बघणाऱ्याचा डोळा त्याच्यावरून फिरला पाहिजे, हे त्याचं म्हणणं. चित्रच फिरायला लागलं तर डोळ्याने काय करायचं? तो सरळ झोपी जातो.

ऐंशीच्या सुमारास तो सिनेमाच्या स्लाइडी रंगवत असे. मध्यंतरात पडद्यावर जाहिराती पडायच्या, त्यातल्या. हाताच्या पंजात मावेल एवढी काच, तिच्यावर बारीक ब्रशने काढलेलं चष्म्याचं दुकान किंवा साडी सेंटर. कल्याण-डोंबिवलीत नवीन नंबर काढून घेतलेल्या कित्येक लोकांना आपल्याला चष्म्याची आठवण हरिहरने करून दिली हे ठाऊक नव्हतं. स्वतःची स्लाइड बघायला तो मध्यंतरात थेटरात शिरायचा. डोअरकीपर ओळखीचा. सगळं पब्लिक बटाटेवड्यासाठी बाहेर पडत असे आणि हरिहर एकटा उलटा आत जात असे.

ऑपरेटर चहाला गेला की स्लाइड पडद्यावर तशीच राहायची. एकदा चहाबरोबर ऑपरेटरच्या गप्पाही रंगल्या, आणि साडी सेंटरची नवरी पडद्यावर अशी ठाण मांडून बसली की सिनेमा सुरू होईना. पब्लिकने शिट्ट्या मारल्या, खुर्च्या बडवल्या. हरिहर मागच्या भिंतीला टेकून तृप्त मनाने उभा. "त्या दिवशी लोकांनी चित्र नीट पाहिलं," हे तो आजही सांगतो. शिट्ट्यांचा भाग गाळून.

पुढे स्लाइडी गेल्या. केबल आली. केबलवाल्याने त्याच्याकडून जाहिरातींची पाटी करून घेतली आणि म्हणाला, "टिपणीस, मस्त आहे. आता ही उजवीकडून डावीकडे पळवू." हरिहरने विचारलं, कुठे चालली आहे ती? केबलवाल्याला प्रश्नच कळला नाही. क्रिकेटच्या मॅचखालून हरिहरचं दुकानदारी अक्षर पळत गेलं, आणि तो शेजारी आमच्या घरी येऊन म्हणाला, "माझं अक्षर आज बसच्या मागे धावणाऱ्या माणसासारखं दिसलं रे."

मग त्याने कॉम्प्युटर घेतला. ठाकुर्लीत पत्र्याच्या छपराचा गाळा आणि त्यावर पाटी: अचल आर्ट्स. आत लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, उत्सवाचे अहवाल. गावात रेल्वेचं जुनं वीजघर उभं असूनही दुपारी वीज जायची, आणि सेव्ह न केलेली पत्रिका नवरानवरीसकट अंतर्धान पावायची. हरिहर हताश होऊन काळ्या पडद्याकडे बघत बसे. निदान पडदा हलत तरी नाही, असं त्याची बायको चित्रा म्हणायची.

चित्रावहिनी कल्याणच्या पोस्टात. लग्न ठरलं तेव्हा मुलीचं नाव ऐकूनच हरिहरने होकार दिला होता अशी बोलवा आहे. पण या चित्राला एका जागी बसलेलं अजून कोणी पाहिलेलं नाही. पोळी लाटता लाटता ती इस्त्री बंद करून येते.

नव्व्याण्णव साल उजाडलं ते इंटरनेट घेऊन, आणि हरिहरच्या कॉम्प्युटरने त्याला रोज एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. चित्र पुरं झालं, आता बाहेर कसं काढू? जेपेग म्हणून की जिफ म्हणून? त्याने हा फरक मला एकदा समजावून सांगितला होता. जेपेग म्हणजे भरल्या घरचा माणूस. लाखो रंग पदरी, पण बसला की बसला, जागचा उठायचा नाही. जिफच्या पेटीत मोजून दोनशे छप्पन्न रंग. तेवढ्यावरच तो गावभर नाचतो, कारण त्याच्या पोटात एकामागून एक अशी चार-पाच चित्रं ठेवता येतात आणि ती भराभर उलटली की आपल्याला वाटतं काहीतरी हललं. "आणि रंग कमी पडले," हरिहर म्हणाला, "की तो ठिपके मारून वेळ भागवतो. नवरीच्या गालावर. देवी आल्यासारखे."

गिऱ्हाईक अर्थातच जिफ मागायचं. डेंटिस्टला दात चमकणारा हवा. क्लासवाल्याला उघडमीट करणारं पुस्तक. एका वास्तुतज्ज्ञाने गरगर फिरणारं घर मागितलं तेव्हा हरिहर त्याला म्हणाला, "अहो, यात राहायचं कोणी?" ते काम गेलं.

त्याची इच्छा फार मोठी नव्हती. आपलं एक चित्र, एक तरी, जसं काढलं तसं, न हलता लोकांच्या घरी पोचावं. बस.

ती संधी आणली कमळाबाईंनी. कमळाबाई कोलशेतच्या कोळीण, डोंबिवलीच्या बाजारात बसायच्या. टिपणिसांच्या घरात देवाच्या खालोखाल कमळाबाईंचा शब्द. जिताड्यासारखा चांगला मासा आला की पहिला निरोप चित्रावहिनींना. मार्चमध्ये एकदा त्या माशांची पाटी घेऊन नव्हे, तर नवं लुगडं नेसून दारात आल्या.

"भाऊ, आमचे देवरामचे शीलाचा लगीन ठरला. पोरगा वर्तकनगरचा, आपल्यातलाच. मस्कतला असतो. पत्रिका तुमीच करायची."

भावाच्या मुलीचं लग्न. हरिहरने कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि कितीतरी वर्षांनी खरे जलरंग काढले. शीलाला कोलशेतला जाऊन समोर बसवलं. हळदीच्या दिवशीची नवरी: कानात वेढे, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, गालावर हळद. त्या हळदीच्या पिवळ्यावर तो दिवसचे दिवस बसला. गालावर तो सोन्याकडे झुकायचा, मानेखाली खाडीवरच्या संध्याकाळसारखा विझायचा, आणि या सगळ्याच्या मधोमध ठसठशीत कुंकू. चित्र स्कॅन करून त्याने पडद्यावर आणलं, तेव्हा चित्रावहिनी खरोखर दोन क्षण थांबल्या. याहून मोठी पावती त्याला त्या घरात मिळालेली नव्हती.

"हे जेपेग जाणार," हरिहरने जाहीर केलं.

मस्कतहून नवऱ्यामुलाचा, गुरुदत्तचा फोन आला. मुलगा अदबीचा. "काका, चित्र एकदम टॉप आहे. फक्त ते हलेल ना?"

"नाही."

"मी ऑफिसात सगळ्यांना ईमेल करणारे काका. इजिप्तवाले आहेत, फिलिपिनो आहेत. आमच्या मॅनेजरच्या बहिणीच्या पत्रिकेत कबुतरं उडालेली."

"गुरुदत्त, ते जिफ केलं की रंग उडतात. हळदीचा पिवळा बघितलास ना तू?"

"बघितला ना. पण काका, हलत नाही ते चित्र तर पोस्टानेपण येतं. मग ईमेल कशाला?"

या युक्तिवादाला हरिहरकडे उत्तर नव्हतं. पोस्टात बायको असून नव्हतं. तो चार दिवस धुसफुसला. सकाळी दात घासताना, भाजी आणताना, आमच्याकडे चहा पिताना: "कबुतरं. म्हणे कबुतरं." शेवटी कमळाबाईंनी बाजारात चित्रावहिनींना गाठलं. "ताई, भाऊना सांगा, जावयाचा मन मोडू नका. थोडासा हलवा." सोबत पापलेटांची जोडी. पैसे घेईनात. हरिहरने पापलेट खाल्लं, आणि पापलेट खाल्लेल्या माणसाला नकार देता येत नाही.

हलवायचंच तर कमीत कमी हलवू, असं त्याने ठरवलं. कबुतरं नाहीत, नाचरी अक्षरं नाहीत, चमचमत्या चांदण्या तर नाहीतच. एकच गोष्ट. नवरीचं कपाळ मोकळं, मग एक बोट येतं, मग कुंकू लागतं. संपलं. बोट म्हाताऱ्या बाईचं, सुरकुतलेलं, एका सांध्याला वाकडं. जिफने गालावर ठिपके मारलेच, हळदीचे सोन्याचे पट्टे पडून ते आमटीच्या कडेसारखे दिसायला लागले, पण पडद्यावर ते बोट आलं आणि कुंकू उमटलं की बघणाऱ्याला बरं वाटायचं. चित्रावहिनींना आवडलं. मलाही आवडलं. पहिलं मोकळं कपाळ डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जायचं. त्याच्याकडे कोणाचं लक्ष जाणार?

डोंबिवलीच्या एका सायबर कॅफेतून ते चित्र मस्कतला गेलं. जाताना तीनदा लाइन तुटली. मस्कतमध्ये कुंकू लागलं, इजिप्तवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि गुरुदत्तचा खूश होऊन फोन आला.

आता एक रीत इथे सांगायला हवी. लग्नाची पहिली पत्रिका गावदेवीची. ती तिच्या पायाशी ठेवल्याशिवाय दुसरी कोणाच्या हातात जात नाही, आणि देवीपुढे ठेवलेली पत्रिका परत उचलायची नाही. ईमेल कोणाच्या हातात जात नाही, म्हणून मस्कतचं कोणी धरलं नाही. छापील पत्रिका अजून प्रेसमध्ये चढल्याच नव्हत्या, आणि देवीचा मंगळवार तर जवळ आलेला. तेव्हा गुरुदत्तने आईला, भागीरथीबाईंना, कळवलं: मी चित्र वर्तकनगरच्या कॅफेत पाठवतो, त्याचा रंगीत कागद काढून घे आणि तोच देवीला ठेव. कॅफेवाल्याने चित्र छपाईच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं. छपाईच्या प्रोग्रॅमला हलणं माहीत नसतं. पाच चित्रांतलं पहिलं चित्र त्याने घेतलं, छापलं, आणि कागद चुरगळू नये म्हणून मोठ्या पाकिटात घालून चिकटवून दिला.

पाकीट उघडलं ते कोलशेतला, गावदेवीच्या देवळात, दोन्हीकडच्या बायका जमलेल्या असताना. भागीरथीबाईंनी न बघताच कागद देवीच्या पायाशी ठेवला. मग सगळ्यांनी वाकून पाहिलं.

पांढऱ्या कपाळाची नवरी.

बुधवारी सकाळी कमळाबाई टिपणिसांच्या दारात उभ्या होत्या. पाटी नाही, पिशवी नाही. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"भाऊ, आमचे पोरीनं तुमचा काय वाकडा केला होता?"

हरिहरला काही कळेना. मग कळलं आणि त्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "कमळाबाई, ते पहिलं चित्र आहे. पुढे कुंकू आहे. पुढे लागतं."

"पुढे कवा? भागीरथी बोलते, असं अवलक्षण झाल्यावर आमी हळद लावू का नाय, विचार करावा लागेल. शीला कालपासनं जेवली नाय."

त्या गेल्यावर हरिहरने कप खाली ठेवला. मग बोलला ते सगळं एकदम. "मी सांगत होतो. पहिल्यापासून सांगत होतो, जेपेग पाठवू. जेपेगमध्ये एकच चित्र असतं, त्याला पहिलं-शेवटचं नसतंच. आणि मीच गाढव. हलवायचं होतं तर सुरुवातीला पूर्ण चित्र तरी ठेवायचं. स्लाइडी काढल्या मी, अगं, एका काचेत सगळं बसवायचो, आणि इथे नवरीचं कुंकू नंतर येईल म्हणून ठेवलं. नंतर. ते बँकेच्या चेकसारखं."

"झालं? आता शर्ट बदला," चित्रावहिनी म्हणाल्या. "कोलशेतला जायचंय."

निघण्यापूर्वी हरिहरने एक गोष्ट केली. त्याने आपल्या मूळ चित्राचं जेपेग गुळगुळीत कागदावर छापून घेतलं. अर्धी सकाळ त्यात गेली. हळद सोन्यासारखी, गाल स्वच्छ, कुंकू जागच्या जागी. रिक्षात त्याने ते मांडीवर धरलं होतं, आणि चित्रावहिनी सांगतात की एवढ्या संकटातही त्याच्या चेहऱ्यावर किंचित समाधान होतं. अखेर त्याचं न हलणारं चित्र देवीपर्यंत चाललं होतं, आणि तेही सगळ्यांच्या सोयीचं म्हणून.

देवळात दोन्ही घरची माणसं बसली होती. भागीरथीबाई खांबाला टेकून, शीलाची आजी मनुबाई देवीच्या उजव्या हाताला, पाय पसरून. मनुबाई नव्वदीच्या आसपास, कान तेवढे शाबूत. हरिहरने उभ्यानेच सुरुवात केली.

"माझ्या हातून चूक झाली. हे चित्र हलणारं होतं. कागदावर हलत नाही. कॉम्प्युटरवर बघितलंत तर यानंतर लगेच बोट येतं आणि—"

"म्हणजे देवीनं वाट बघायची?" भागीरथीबाईंनी विचारलं. "बोट येईल म्हणून?"

"तसं नाही. तुमच्या गुरुदत्तने बघितलंय, त्याला कुंकू दिसलं."

"त्याला मस्कतात दिसला, आमाला कोलशेतात नाय दिसला. सून तर मना इथं आणायची हाय."

हरिहरने वाद थांबवला आणि गुळगुळीत कागद पुढे केला. बायका वाकल्या. कुणीतरी हलकेच चुकचुकलं, ते चांगल्या अर्थाने. शीलाने स्वतःचं चित्र पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. कमळाबाई म्हणाल्या, "अशी होती तर हीच का नाय पाठवली?" हरिहरने फक्त हात जोडले. या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला एक आठवडा हवा होता.

"तो कागद काढून हा ठेवू," तो म्हणाला आणि देवीच्या पायाकडे वाकला.

"हात नको लावू," मनुबाई म्हणाल्या.

तो तसाच वाकलेला.

"ठेवलेली पत्रिका उचलत नाय. देवीनं घेतली ती घेतली. तुझी दुसरी असंल गोड, पन ती दुसरी."

"अहो आजी, पण ही पूर्ण आहे. तिच्यात कुंकूच नाही."

"मंग लावायचा की," मनुबाई म्हणाल्या, जणू पोराच्या नाकाला शेंबूड आहे तर पुसायचा की. "आमी पोरी काय कुंकू लावून जन्माला येतो? कुनीतरी लावतंच. बस बाजूला."

त्यांनी देवीच्या ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं, करंगळीशेजारच्या बोटाने थेंबभर तेलात कालवलं, आणि सरकत पुढे जाऊन कागदावरच्या नवरीच्या कपाळावर टेकवलं. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, त्यामुळे ते मधोमध लागलं नाही. डाव्या भुवईकडे सरकलं आणि तेलामुळे जरा फाकलं. मग त्यांनी भागीरथीबाईंकडे ताट सरकवलं. "ये. तुझी सून हाय ना? दे हात लावून."

भागीरथीबाई थोडा वेळ खांबालाच टेकून राहिल्या. मग उठल्या. मनुबाईंच्या ठशावर त्यांनी आपलं बोट दाबलं, आणि ते कुंकू आणखी फाकलं. पुढच्या क्षणी हळदीला किती नारळ लागतील यावर चर्चा सुरू झाली. लग्न जागेवर आलं होतं. हरिहरच्या हातातला गुळगुळीत कागद कोणीतरी प्रसादाचे लाडू ठेवायला मागितला. त्याने दिला नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण भागीरथीबाईंनी संध्याकाळी मस्कतला फोन करून सगळं सांगितलं, आणि गुरुदत्तचा हरिहरला फोन आला.

"काका, ती आजींनी कुंकू लावलेली पत्रिका स्कॅन करा. तीच छापायची सगळ्यांसाठी. ईमेललापण तीच."

"अरे तिच्या गालावर ठिपके आहेत. पट्टे आहेत हळदीत. माझ्याकडे मूळ चित्र आहे, स्वच्छ, ते पाठवतो ना. त्यात कुंकू मधोमध आहे."

"नाही काका, देवीवालीच. आणि ही हलवू नका हं. आहे तशीच असू दे."

हरिहरने रिसिव्हर ठेवला आणि कॅमेऱ्यात रोल आहे का ते बघितलं.

कागद उचलता येत नव्हता, म्हणून त्याचा देवळातच साध्या कॅमेऱ्याने फोटो काढावा लागला, तो धुऊन आणावा लागला, आणि मग स्कॅन. म्हणजे चांगल्या चित्राचं वाईट जिफ, त्यातलं अर्धवट पहिलं चित्र, त्याची स्वस्तातली छपाई, तिच्यावर दोन म्हाताऱ्यांची बोटं, तिचा फोटो, आणि त्या फोटोचं हे रूप. कॉम्प्युटरने विचारलं, कसं काढू बाहेर? हरिहरने जेपेग निवडलं. कोणी विरोध केला नाही. मी शेजारीच बसलो होतो. त्याने ब्रशचं चिन्ह उचललं आणि शीलाच्या गालावरच्या ठिपक्यांकडे नेलं.

"हात लावू नका," स्वयंपाकघरातून निघून बाल्कनीकडे जाता जाता चित्रावहिनी म्हणाल्या. "देवीने पाहिलेली आहे ती तशीच."

त्याने ब्रश ठेवून दिला. शेकडो प्रती छापल्या गेल्या, ठिपक्यांसकट. कोलशेत, वर्तकनगर, मस्कत, सगळीकडे हरिहरचं चित्र पोचलं आणि तसूभर हललं नाही.

हळदीला आम्ही तिघेही गेलो. मांडवाच्या दाराशी ती पत्रिका मोठी करून फ्रेममध्ये लावली होती, आणि येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थांबत होता. धावती नजर नव्हे, चांगला थांबून, मान कलती करून. हरिहर जिताड्याचं ताट घेऊन थोडा अलीकडे, ऐकू येईल अशा अंतरावर उभा राहिला. घरंदाज दिसणाऱ्या एका पाहुण्याने मनुबाईंना विचारलं, "आजी, किती गोड आहे हो. काढलंय कोणी?"

"मीच," मनुबाई म्हणाल्या. "ही भागीरथी होती मदतीला. बाकीचा त्या कॉम्प्युटरवाल्यानं केला."

हरिहरने तोंड उघडलं. चित्रावहिनींनी त्यात घास भरवला आणि त्या कुणाच्या तरी हळदीचं ताट सावरायला निघून गेल्या.